सवलती बेटावर, माणसं बेटाबाहेर

मुंबईत पहिली बस धावली ती १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर. अफगाण चर्च म्हणजे पहिल्या अफगाण युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कुलाब्यात बांधलेलं चर्च. क्रॉफर्ड मार्केट म्हणजे भाजी, फळं, मटण-मच्छी आणि घासाघीस. बसच्या एका टोकाला सैनिकाचा मान, दुसऱ्या टोकाला बाजारभाव. हा मार्ग आखणाऱ्या साहेबाच्या डोक्यात असलं काही नसणार. पण या शहरात माजी सैनिकांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना तेव्हा काय मिळायचं आणि आता काय मिळतं, याचा हिशेब मांडायला बसलं की मला तोच मार्ग आठवतो. मानाला बाजारात काय भाव मिळतो, हाच तर त्या हिशेबातला मुद्दा.

मुंबई हे बेट आहे, याची आठवण मुंबईकराला एरवी होत नाही. सात बेटांचं एक झालं, १८३८ साली कुलाब्याचा कॉजवे झाला, १८४५ साली माहीमचा, आणि आपण पाण्यानं वेढलेले आहोत हे लोक विसरून गेले. माझी आजी मात्र विसरली नव्हती. माहीमच्या आणि सायनच्या पलीकडे गेलं की ती ‘मुंबईबाहेर’ म्हणायची. घाटकोपरला लग्नाला जायचं तर ती आदल्या दिवसापासून पिशवी भरायला घ्यायची.

बेटाचं दक्षिण टोक लष्करानं धरलं ते कधी सोडलंच नाही. नेव्हीनगर, आर. सी. चर्चचा बसस्टॉप, नौदलाचं अश्विनी रुग्णालय, इकडे लायन गेटच्या आतली गोदी. देशभरच्या लष्करी कँटीनना माल पुरवणाऱ्या कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंटचं मुख्यालयही याच बेटावर आहे, महर्षी कर्वे रोडवरच्या अडेल्फी इमारतीत. सियाचीनच्या वाटेवरचा जवान ज्या साबणानं अंघोळ करतो, त्या साबणाची मागणी-पुरवठ्याची कागदं चर्चगेटच्या आसपास फिरत असतात.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. दुसऱ्या मजल्यावर साताऱ्याकडचे एक सुभेदार राहायचे. सगळी चाळ त्यांना सुभेदारकाका म्हणायची, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. पलटणीतून रिटायर झाल्यावर ते एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन स्टुलावर बसायचे. तेव्हा बेटावरच्या बँकांच्या दारात असा एखादा मिशाळ माजी सैनिक हमखास दिसायचा. कुणाला टेलिफोन बूथ मिळालेला असायचा, एखाद्या नशीबवानाला गॅस एजन्सी. बाकीचे वॉचमन. पस्तिशी-चाळिशीत फौजेतून बाहेर पडलेल्या माणसाला शहर काय देऊ शकतं, तर एक दार राखायला देतं, अशी तेव्हाची समजूत होती. त्यात कुणाला वावगंही वाटत नसे, काकांनाही नाही.

काकांची खरी पत वाढायची ती महिन्यातून एकदा, कँटीनच्या दिवशी. आदल्या रात्रीपासून त्यांच्या खोलीत लोकांची ये-जा सुरू व्हायची. कुणाला टूथपेस्ट, कुणाला अंगाचा साबण, कुणाला हॉर्लिक्सची बाटली, एखाद्या घरात लग्न निघालेलं असलं तर प्रेशर कुकर. कँटीनचा माल स्वतःच्या घरापुरता घ्यायचा, हा नियम काकांना पाठ होता. तो सांगून झाला की ते पेन्सिलनं यादी लिहायला घ्यायचे. दुसऱ्या दिवशी दोन खाकी पिशव्या आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन निघायचे आणि संध्याकाळी विजयी मुद्रेनं परत यायचे. रमच्या कोट्याचा विषय मोठ्यानं बोलायचा नसे. बाटली मोरीवरच्या फळीवर, डब्यांच्या मागे. पण रेशन दुकानदारापासून नळदुरुस्तीवाल्यापर्यंत चाळीची बरीच अडलेली कामं त्या फळीमुळे मार्गी लागली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकू तेवढ्या कपाळाला आठी घालून म्हणायच्या, ‘सरकारनं ह्यांना औषध म्हणून दिली, हे वाटतात तीर्थ म्हणून.’

बाकी सैनिकाचा म्हणून मान म्हणाल तर तो वर्षातून दोन-तीन दिवस. सव्वीस जानेवारीला काका कोटावर पदकं लावून चाळीच्या झेंड्याला सलामी द्यायचे. सात डिसेंबरला ध्वजदिन. १९४९ पासून चालत आलेला हा दिवस आमच्या शाळेत पत्र्याचा डबा आणि टाचणीनं लावायचे कागदी झेंडे घेऊन यायचा. पाच-दहा पैसे डब्यात टाकले की झेंडा छातीवर. ते पैसे कुठं जातात, हे आम्ही विचारलं नाही आणि मास्तरांनीही सांगितलं नाही. माजी सैनिकांच्या आणि शहिदांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी तो निधी असतो, हे पुष्कळ उशिरा कळलं.

मान मिळायलाही कधीकधी फार काळ जावा लागतो. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी याच कुलाब्यात ‘तलवार’ या तळावर नौसैनिकांनी बंड पुकारलं. त्यांच्या बाजूनं गिरणगाव रस्त्यावर उतरलं, गोळीबार झाला, माणसं मेली. बंडातले पुष्कळजण नोकरीतून निघाले ते रिकाम्या हातानं. स्वतंत्र भारताच्या नौदलानंही त्यांना परत घेतलं नाही. पुढे हे बंड स्वातंत्र्यलढ्याचा भाग मानलं गेलं आणि त्यातल्यांना स्वातंत्र्यसैनिकांचं निवृत्तिवेतन लागू झालं, तोवर बरेचजण उरले नव्हते. कुलाब्यात आता त्यांचं स्मारक आहे.

आणि साधे म्हातारे? ज्यांनी गणवेश कधी घातला नाही, त्यांना कागदावर काय मिळायचं? जवळजवळ काही नाही. माझ्या आजीला कसलं पेन्शन नव्हतं, कसलं कार्ड नव्हतं. तिला मिळायची ती बेस्टच्या बसची पुढची पायरी. मागच्या दारानं सगळ्यांनी चढायचं आणि पुढच्या दारानं उतरायचं, हा बेस्टचा शिरस्ता. वृद्ध, अपंग आणि गरोदर बायकांना मात्र पुढून चढायची मुभा. स्टॉपवर बस थांबली की ड्रायव्हर आरशातून पाहायचा आणि आजीचे दोन्ही पाय आत आल्याशिवाय गाडी हलवायचा नाही. कंडक्टर पत्र्याच्या पेटीतून तिकीट काढून, पंचानं भोक पाडून, जागेवर आणून द्यायचा. तिकिटात पैशाची सूट नव्हती. पण पडण्याची भीती नव्हती, आणि साठीनंतरच्या माणसाला पैशाआधी ती लागते.

पैशाची सूट होती ती वेगळ्याच ठिकाणी, आणि तिला कुणी सवलत म्हणत नसे. ती म्हणजे चाळीचं भाडं. मुंबईत भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवलेली होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती तशीच राखली आणि १९९९ च्या नव्या कायद्यानंही जुन्या भाडेकरूंना बरंचसं संरक्षण दिलं. गिरगावपासून परळपर्यंतच्या चाळींत दुधाच्या बिलापेक्षा खोलीचं भाडं कमी असायचं. घरमालकाला दुरुस्ती परवडेना, जिने टेकूवर आले, पावसाळ्यात इमारती कोसळल्या, माणसं दगावली. त्या कायद्याचं हे देणंही खरंच. तरीपण म्हाताऱ्या माणसाला या बेटावर टिकवून धरलं ते त्या भाड्यानं. गिरणीतून निवृत्त झालेला कामगार, पेन्शनवरचा फौजी, विधवा आत्या, सगळी त्या भाड्याच्या आधारानं बेटाच्या मध्यभागी राहत होती.

आणि मध्यभागी राहिलं की बाकीचं सगळं पायाखाली यायचं. केईएमचा केसपेपर काढायला चालत जाता यायचं. मार्केट, पोस्ट, देऊळ, भजनीमंडळ, वाचनालय, सगळं दोन-तीन स्टॉपच्या आत. काकांना कुलाब्याला जायला एक बस पुरायची. अश्विनीत डोळे दाखवून, कँटीन करून, वाटेत एखाद्या जुन्या सोबत्याशी गप्पा मारून ते दुपारच्या चहाला घरी. सवलतीची रक्कम लहान होती, पण ती पदरात पाडून घ्यायला खर्च काहीच नव्हता. हे गणित तेव्हा कुणी मांडलं नाही, कारण ते मोडलेलं नव्हतं.

ते मोडायला सुरुवात झाली १८ जानेवारी १९८२ ला. गिरणी संप सुरू झाला तो रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या बंद पडल्या, पुढे त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. आमच्या चाळीतल्या थोरल्या मुलांनी डोंबिवलीला, बदलापूरला, नालासोपाऱ्याला ब्लॉक घेतले आणि हळूहळू म्हाताऱ्यांनाही तिकडे नेलं. कुणी खोली विकून पोरीचं लग्न केलं, कुणी बिल्डरच्या आश्वासनावर संक्रमण शिबिरात गेलं आणि तिथंच म्हातारं झालं. सुभेदारकाकांनी पागडी घेतली आणि बदलापूरला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. जाताना म्हणाले, ‘सीमेवर बदली झाली असं समजायचं.’

इथून पुढचा काळ सवलतींच्या बाबतीत कंजूष अजिबात नाही. उलट गेल्या पंचवीस वर्षांत जेवढं कागदावर आलं तेवढं त्याआधी कधी आलं नव्हतं. माजी सैनिकांसाठी एप्रिल २००३ मध्ये ईसीएचएस ही आरोग्य योजना आली. त्याआधी निवृत्त जवानाला लष्करी रुग्णालयाच्या दाराशी जायला लागायचं, आणि ते दार गावापासून किती लांब हे त्याच्या नशिबावर. आता पॉलिक्लिनिक आहे, तिथून नेमलेल्या खासगी रुग्णालयात पाठवतात, आणि खिशातून पैसे न देता उपचार होतो. समान हुद्दा आणि समान सेवा असलेल्यांना समान पेन्शन, ही मागणी वर्षानुवर्षं लोंबकळत होती. ती २०१५ मध्ये मान्य झाली आणि १ जुलै २०१४ पासून लागू धरली गेली. कँटीनला स्मार्ट कार्ड आलं. जीएसटी आला तेव्हा कँटीनच्या मालाला निम्म्या कराची माफी मिळाली. स्कूटर, फ्रिज, मोटारगाडी आता पोर्टलवरून नोंदवता येते, २०२१ पासून. काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत मोटारगाडी कधी मावली नसती.

साध्या ज्येष्ठांचंही तसंच. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट होतंच. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत झाली. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या वयाच्या बायकांना एसटीत निम्मं भाडं झालं. माझ्या आजीच्या पिढीतली बाई माहेरी जायचं म्हटलं की आधी भाड्याचे पैसे कुणाकडे मागायचे याचा विचार करायची. आता शून्य रुपयाचं तिकीट घेऊन पंच्याहत्तरीची बाई खिडकीपाशी बसून पंढरपूरला जाते. हा बदल लहान नाही. उपनगरातल्या मेट्रोच्या दोन मार्गांवर मे २०२३ पासून पासष्टीच्या पुढच्यांना पंचवीस टक्के सूट आहे. बँका ठेवींवर अर्धा टक्का जास्त देतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार आले.

फक्त माणूस म्हातारा नेमका कधी होतो, याचं उत्तर खिडकीगणिक बदलतं. बँकेत तो साठाव्या वर्षी म्हातारा होतो, एसटीत पासष्टाव्या. आयुष्मान कार्डासाठी सत्तरी गाठावी लागते, मोफत एसटीसाठी पंच्याहत्तरी. पेन्शनमध्ये वीस टक्क्यांची वाढ हवी असेल तर ऐंशीपर्यंत तग धरायचा. तेव्हाच्या कंडक्टरला जन्मतारीख लागत नसे. पांढरे केस आणि हातातली काठी पाहून तो ‘आजी, पुढून या’ म्हणायचा. पण याचं कौतुक करताना हेही लक्षात ठेवायला हवं की नजरेवर चालणारी सवलत नजरेत भरणाऱ्यालाच मिळायची. कंडक्टर दमलेला असला, किंवा आजीऐवजी कळकट लुगड्यातली अनोळखी बाई असली, की ती नजर दुसरीकडे वळायची. कार्ड दाखवणाऱ्याला कुणाच्या मर्जीची गरज पडत नाही.

या बदलाचा खरा लाभ कुणाला झाला असेल तर तो सैनिकांच्या बायकांना. आमच्या आठवणींच्या चित्रात मध्यभागी मिशाळ सुभेदार असतो, आणि काकू कुठंतरी मोरीपाशी. काका होते तोवर पेन्शन त्यांची, कँटीन त्यांचं, डिस्चार्ज बुक त्यांच्या ट्रंकेत कुलपाखाली. काका गेल्यावर पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, काय असतो हे काकूंना पोस्टातल्या कारकुनानं समजावलं. त्याही पुष्कळ बऱ्या. ज्यांचा नवरा लढाईत पडला त्यांच्यापुढे काय काय अटी असायच्या! शौर्यपदकाचा मासिक भत्ता वीरपत्नीनं पुन्हा लग्न केलं तर चालू राहायचा, पण केव्हा, तर तिनं दिराशीच लग्न केलं तर. ही अट २०१७ मध्ये निघाली. मिग विमानं आणि पाणबुड्या बदलल्या, नुसत्या एका ओळीचा हा नियम बदलायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं गेली. जुने दिवस बरे होते असं म्हणताना ही ओळ आठवली की माझा आवाज आपोआप खाली येतो.

काकू आज बदलापूरला मुलाकडे असतात. त्यांना स्वतःच्या नावाचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, समान पेन्शनच्या निर्णयानंतर त्यात भर पडली. ईसीएचएसचं कार्ड त्यांच्या फोटोचं, कँटीनचं कार्डही त्यांचंच. प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये पाच-सहा कार्डं ओळीनं लावून ठेवतात. ‘काका गेले आणि मला नाव आलं,’ असं एकदा सहज बोलून गेल्या.

आता ती नावाची कार्डं वापरायची कुठं? रोजचा साबण, चहा त्यांना जवळपासच्या कँटीनमधून मुलगा आणून देतो. पॉलिक्लिनिकही आता बेटाबाहेर आहे. पण पॉलिक्लिनिकनं पुढच्या तपासणीसाठी अश्विनीला पाठवलं की तो दिवस मोहिमेचा. पहाटेची लोकल पकडायची, कारण आठची गाडी त्यांच्यानं पकडवत नाही. सीएसएमटीला उतरून भुयारी मार्गाच्या पायऱ्या, मग कुलाब्याची बस. बस आता बहुधा भाडेतत्त्वावरची, लहान, वातानुकूलित आणि एकाच दाराची. चढणारे, उतरणारे, म्हातारे, तरणे सगळे त्याच दारात. पुढून चढायची मुभा कागदावर असेलही, पण वेगळा पुढचा दरवाजाच नाही. २०१९ मध्ये बेस्टनं किमान भाडं पाच रुपयांवर आणलं होतं, मे २०२५ पासून ते साध्या बसला दहा आणि वातानुकूलितला बारा झालं. काकूंची तक्रार त्या पैशांची नाही. त्या म्हणतात, ‘बारा घ्या, पण पाय ठेवायला वेळ द्या.’

लोकलमध्ये ज्येष्ठांसाठी काही आसनं राखीव असतात. गर्दीच्या वेळी त्या आसनांपर्यंत पोचायला मात्र तरुण असावं लागतं. न्यायालयात हा विषय गेला, आणि २०२५ मध्ये मध्य रेल्वेनं सामानाच्या एका डब्याचं रूप पालटून तो ज्येष्ठांना द्यायला सुरुवात केली. चांगली गोष्ट आहे. सगळ्या गाड्यांत हा डबा आला तर गेल्या कित्येक वर्षांतली ही सगळ्यात कामाची सवलत ठरेल, आणि तिच्यात एका पैशाचीही सूट नाही.

सूट होती ती लांबच्या गाड्यांना. रेल्वेच्या तिकिटात साठीच्या पुढच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना पन्नास टक्के सवलत मिळायची. मुंबईतला म्हातारा माणूस वर्षातून एकदा गणपतीला किंवा शिमग्याला कोकणात, नाहीतर जत्रेला घाटावर जायचा तो या सवलतीच्या जोरावर. मार्च २०२० मध्ये करोनाच्या धसक्यानं, म्हाताऱ्यांनी प्रवास करू नये म्हणून, ती थांबवली. साथ गेली, मुखपट्ट्या गेल्या, गाड्या पुन्हा भरून वाहू लागल्या. सवलत काही परत आली नाही. संसदेत दर वेळी प्रश्न विचारला जातो आणि सगळ्याच प्रवाशांच्या भाड्यावर रेल्वे आधीच खर्च सोसते, असं उत्तर येतं. आजाराच्या नावानं काढून घेतलेली गोष्ट आजार संपल्यावर काटकसरीच्या नावानं ठेवून घेतली, असा याचा सरळ अर्थ.

आणि घराचं काय? १९४० च्या भाड्याची जागा घेणारी सवलत या बेटावर पुन्हा निघाली नाही. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांसाठी काही घरं राखीव असतात, पण ती संख्येनं थोडी, आणि बेटावरची तर फारच थोडी. सैनिकांच्या नावानं बेटावर घर म्हटलं की लोकांना आठवते ती कुलाब्यातली एकतीस मजली आदर्श सोसायटी. २०१० मध्ये तिच्यावरून गदारोळ झाला, मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. कारगिलच्या वीरपत्नींची घरं दुसऱ्यांनी लाटली, अशी तेव्हा चर्चा होती. पुढे चौकशी आयोगानं सांगितलं, की ती जमीन कारगिलच्या कुटुंबांसाठी राखीव नव्हतीच. म्हणजे घर त्यांना मिळालं नाही ते नाहीच, वर्तमानपत्रांत नाव मात्र महिनोन्महिने त्यांचं छापून येत राहिलं.

तेव्हा आणि आता यांची बेरीज-वजाबाकी अशी आहे. तेव्हा देणं थोडं होतं, ते पुरुषाला आणि ओळखीच्याला मिळायचं, पण घेणारा जवळ राहत होता. आता देणं पुष्कळ आहे, बायकांना आहे, अनोळख्यालाही आहे, आणि ते लेखी आहे. घेणारा मात्र साठ-सत्तर किलोमीटर लांब ढकलला गेला. गेल्या पंचवीस वर्षांत ज्या सवलती फळाला आल्या त्या नेमक्या कोणत्या, ते पाहा. ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक कुलाबा सोडून गावोगावी गेलं, म्हणून ते कामाला आलं. एसटी मोफत झाली, ती म्हाताऱ्याच्या गावातल्या थांब्यापर्यंत जाते म्हणून. हयातीचा दाखला २०१४ पासून डिजिटल झाला आणि आता चेहरा दाखवूनही होतो, म्हणून नोव्हेंबरात बँकेच्या पायरीवर तासन्‌तास बसणं संपलं. जी सवलत माणसाकडे चालत गेली ती लागू पडली. जी बेटावर बसून माणसाची वाट पाहत राहिली ती नावापुरती उरली.

म्हणून नवीन योजनेचं नाव काय ठेवावं यावर डोकं शिणवण्यापेक्षा तीन साध्या गोष्टी झाल्या तरी पुष्कळ होईल. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत परत द्यावी, निदान शयनयान आणि साध्या डब्यांत तरी. बेस्टनं बस कुणाच्याही मालकीची असली तरी ‘म्हातारं माणूस बसेपर्यंत गाडी हलवायची नाही’ हा जुना शिरस्ता ड्रायव्हरच्या नियमपत्रकात घालावा. आणि मोठ्या लष्करी रुग्णालयातल्या तज्ज्ञ डॉक्टरांनी महिन्यातून एखादा दिवस कल्याण-बदलापूरकडच्या, वसई-विरारकडच्या पॉलिक्लिनिकमध्ये बसावं. यातल्या पहिल्या गोष्टीला पैसे लागतील. उरलेल्या दोन्हींना मुख्यतः इच्छा लागेल.

सरकार करील तेव्हा करील. तुमच्या इमारतीत, शेजारच्या गल्लीत एखादे निवृत्त हवालदार, एखाद्या नाविकाची विधवा, एखादी सत्तरीची एकटी बाई नक्की असेल. तिला कोणती कार्डं मिळू शकतात आणि तिनं कोणती काढलीच नाहीत, एवढं एकदा तिच्याशेजारी बसून विचारा. माजी सैनिकांच्या कामांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात नसलं तरी बहुतेक ठिकाणी आहे, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा फोन फुकट आहे. ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांना हयातीचा दाखला एक ऑक्टोबरपासूनच देता येतो, बाकीच्यांना नोव्हेंबरात. फोन तुमच्याकडे आहे. पाच मिनिटांचं काम आहे, ते यंदा कुणाचं तरी करून द्या.